पणजोबांची नोंद कुठल्या गठ्ठ्यात?

२०२३ च्या सप्टेंबरपूर्वी अंबड किंवा घनसावंगी तालुक्यातल्या शेतकऱ्याचं जुन्या कागदांशी काम पडायचं ते भावकीच्या वाटणीत, नाहीतर बांधाच्या भांडणात. सातबारा, फेरफार आणि प्रकरण कोर्टात गेलंच तर एखादी खासऱ्याची नक्कल. २९ ऑगस्टला अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले, १ सप्टेंबरला तिथं लाठीमार झाला आणि ७ तारखेला शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. निजामकाळातल्या कागदांत ‘कुणबी’ अशी नोंद सापडते का, हे पाहण्याचं काम तिच्याकडे होतं. तेव्हापासून खासरा पत्रक, पाहणी पत्रक, गाव नमुना १४, मुंतखब हे शब्द वडीगोद्रीच्या फाट्यावर चहा पिताना ऐकू येऊ लागले. तलाठ्याच्या कपाटाबाहेर कधी न पडलेली भाषा घरोघर पोचली.

आरक्षणाच्या वादात इथं शिरायचं नाही. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला महत्त्वाची वाटते ती त्या वादाच्या आडून घडलेली दुसरी गोष्ट. अभिलेखागार म्हणजे पीएच.डी. करणाऱ्यांची जागा, हा समज मराठवाड्यात त्या पावसाळ्यात मोडला. एरवी ज्यांनी अभिलेख कक्षाचं दारही पाहिलं नसतं, अशी माणसं आपल्या पणजोबाचं नाव शोधत खिडकीशी उभी राहिली. आणि खिडकीच्या आतली व्यवस्था त्यांच्यासाठी लावलेली नव्हती.

ग्रंथालयं आणि अभिलेखागारं गेली काही वर्षं एक पद्धत वापरू पाहत आहेत; संगणकवाले तिला यूएक्स म्हणतात, म्हणजे वापरणाऱ्याच्या अनुभवाचा अभ्यास. नाव नवं असलं तरी काम साधं आहे. जो माणूस एखादी वस्तू वापरणार, त्याच्या शेजारी उभं राहून तो काय करतो ते पाहायचं. कुठं अडतो, काय विचारतो, कुठून परत फिरतो ते टिपायचं. मग पाटी, अर्ज, यादी, संगणकाचा पडदा, जे काही असेल ते बदलायचं आणि पुन्हा पाहायचं. जालना जिल्ह्याच्या कागदांना ही पद्धत लावली तर काय दिसतं, आजवर काय झालंय आणि काय राहिलंय, याचा हा आढावा.

शिंदे समितीच्या कामात तपासायच्या कागदांची जी यादी तयार झाली ती वाचण्यासारखी आहे. महसूलचं खासरा पत्रक, पाहणी पत्रक, क पत्रक, कुळ नोंदवही, १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर. शाळेचं जनरल रजिस्टर आणि प्रवेश-निर्गम उतारा. भूमी अभिलेखचं पक्का बुक, शेतवार पत्रक, वसुली बाकी. दुय्यम निबंधकाकडची खरेदीखतं, इसार पावत्या, बटाई पत्रकं, दत्तक विधानं. उत्पादन शुल्क खात्याच्या ताडी आणि मळीच्या नोंदवह्या, तुरुंगातली कच्च्या कैद्यांची रजिस्टरं, पोलिसांची गाववारी, वक्फकडचे मुंतखब. यादी अभ्यासू आहे, कष्टाने केलेली आहे. पण ती खात्यांप्रमाणे लावलेली आहे. आपला पणजोबा ताडीच्या नोंदवहीत असेल की इसार पावतीवर, हे ज्याला ठाऊकच नाही, तो या यादीतून कुठं वळणार?

याला कुणा एका कार्यालयाचा आळस म्हणता येणार नाही. जगभरचं अभिलेखशास्त्र याच पायावर उभं आहे. कागद ज्या दप्तरात जन्मला त्याच दप्तरात ठेवायचा, हा दंडक फ्रान्समध्ये १८४१ मध्ये घातला गेला आणि १८९८ मध्ये तिघा डच अभिलेखपालांनी लिहिलेल्या हस्तपुस्तिकेने तो सर्वदूर गेला. त्याला पक्कं कारण आहे: कागद जागेवरून हलवला की त्याची साक्ष दुबळी होते. पुण्याच्या पेशवे दप्तरातही रुमाल आहेत ते चिटणिशी, घडणी, पागा, प्रांत अजमास अशा विभागांत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले तेव्हा कुठं इतिहासकारांना वाट दिसली. ती वाट होतीही इतिहासकारांसाठीच.

घराण्याचा शोध घेणारा माणूस वेगळा. कॅनडातल्या वेंडी डफ आणि कॅथरीन जॉन्सन या दोघींनी अशा शोधकांचा अभ्यास करून २००३ मध्ये जो निबंध छापला, त्याच्या शीर्षकातच शोधकाचा प्रश्न होता: सगळ्या नावांची यादी कुठाय? त्यांना दिसलं ते असं की हे लोक नाव, गाव आणि काळ घेऊन येतात. सूची त्यांना खात्यांची नावं दाखवते. मग ते सूची सोडून एकमेकांना विचारतात. त्याच वर्षी एलिझाबेथ येकल आणि डेबोरा टोरेस यांनी अमेरिकेत मांडलं की अभिलेखागारात काम साधायला तीन प्रकारची जाण लागते: विषयाची, कागद वाचण्याची आणि अभिलेखागाराच्या रीतीभातीची. जालन्याच्या शेतकऱ्याकडे यातली पहिली भरपूर आहे. भावकी, शिवार, कुणाची सोयरीक कुठं, हे त्याला कुठल्याही संशोधकापेक्षा जास्त कळतं. उरलेल्या दोन्हींत तो उघडा पडतो.

तो कसा, हे जरा जवळून पाहू. घनसावंगी तालुक्यातलं एक कुटुंब धरा. घरात सांगतात की खापरपणजोबाचं नाव केरबा, त्याच्या बापाचं महादू, आणि जमीन ओढ्याकाठची.

पहिला अडसर गाव कुठं होतं हा. वाचून हसू येईल, गाव तर जागेवरच आहे! पण कागद जागेवर नाहीत. जालना जिल्हाच मुळी १ मे १९८१ चा. त्याआधी जालना, अंबड, भोकरदन, जाफ्राबाद हे औरंगाबाद जिल्ह्यात होते आणि परतूर परभणीत. आजचे बदनापूर, घनसावंगी, मंठा हे तालुके त्याहून नवे. घनसावंगीकडची गावं पूर्वी अंबडात, मंठ्याकडची परतुरात. त्याच्या मागे जा तर १ मे १९६० ला महाराष्ट्र, १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्य, त्याआधी हैदराबाद राज्य आणि १९४८ पूर्वी निजामाचं संस्थान. म्हणजे एकाच गावाचा माग आज घनसावंगी, अंबड, जालना, छत्रपती संभाजीनगर आणि हैदराबादेतल्या तारनाक्याचं राज्य अभिलेखागार एवढ्या ठिकाणी विखुरलेला असू शकतो. मंठ्याच्या माणसाने संभाजीनगरऐवजी परभणीला जायचं, हे त्याला सांगणारी पाटी कुठल्याही दारावर नसते. शिवाय अंतरवाल्या आणि पिंपळगावं इतकी आहेत की मागे ‘सराटी’ किंवा ‘रेणुकाई’ जोडल्याशिवाय आपणही ओळखत नाही. जुन्या कारकुनाने ते मागचं शेपूट लिहिलं असेलच असं नाही.

दुसरा अडसर सालाचा. निजामाच्या कारभारात फसली साल चालायचं. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो: फसली १३४२ म्हणजे १९३२-३३. साल ऑक्टोबरात सुरू व्हायचं आणि महिने आजूर, दै, बहमन असे इराणी. मोडी कागदावर शके असला तर ७८ मिळवायचे. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हळूहळू इसवी आलं, म्हणजे एकाच फळीवर दोन-तीन कालगणना नांदतात. ‘कुठल्या सालची नोंद हवी?’ असं खिडकीतून विचारलं की बाहेरचा माणूस म्हणतो, ‘आजा बारा वर्षांचा होता तेव्हाची.’ हे उत्तर चुकीचं नाही. त्याचं फसलीत रूपांतर करायला एक छापील तक्ता आणि दोन मिनिटं लागतात. तो तक्ता खिडकीला चिकटवायला शासन निर्णय लागू नये, एवढीच अपेक्षा.

तिसरा अडसर मला सगळ्यात बोलका वाटतो. आजचा माणूस स्वतःला आडनावाने ओळखतो. आधार कार्डापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत सगळं आडनावावर. निजामकाळातल्या महसुली नोंदीत बहुधा आडनाव नसतंच. तिथं रकाने असे: नाव, वल्दियत, कौम, सकूनत. म्हणजे केरबा वल्द महादू, कौम अमुक, राहणार तमुक. आडनावाने शोधणाऱ्याला ही नोंद पानावर असूनही सापडणार नाही. त्यातही कारकून केरबाला ‘केरू’ करतो आणि जातीच्या रकान्यात पूर्ण शब्दाऐवजी ‘कु.’ किंवा ‘कुण.’ लिहून मोकळा होतो. यूएक्सवाले ज्याला वापरणाऱ्याचे शब्द आणि व्यवस्थेचे शब्द यांतलं अंतर म्हणतात, ते इथं आडनाव आणि वल्द यांच्यामध्ये पडलेलं आहे. जमिनीचंही तेच. शेतकऱ्याला गट नंबर पाठ असतो आणि जुन्या कागदावर असतो सर्व्हे नंबर. एकत्रीकरण योजनेत जुन्या नंबरांचे नवे गट झाले, त्यांचा मेळ दाखवणारा कागद भूमी अभिलेखात असतो. म्हणजे एक कागद शोधण्यासाठी आधी दुसरा शोधा.

चौथा लिपीचा. १८८४ पासून हैदराबादच्या कारभाराची भाषा फारसीऐवजी उर्दू झाली. गावपातळीवर मोडी बराच काळ टिकली. उर्दूत ण नाही, ळ नाही. कुणबीचा ‘कुनबी’ होतो, पिंपळगावचं ‘पिंपलगाँव’. घाईच्या शिकस्ता वळणात नुक्ते गळतात, आणि नुक्ते गळाले की नून आणि बे यांचा दात सारखाच दिसतो. मग कौमच्या रकान्यातला शब्द काय वाचायचा हे वाचणाऱ्याच्या अनुभवावर. मोडीत कारकून आधी शिरोरेषा ओढतो आणि तिच्याखाली अक्षरं ओवत जातो. शब्द कुठं तुटतो हे सवयीनेच कळतं. जालना शहरात उर्दू वाचणारे शेकड्याने मिळतील, पण छापील उर्दू वाचणं वेगळं आणि पेशकाराच्या हातची शिकस्ता वाचणं वेगळं. या मोहिमेत मोडी आणि उर्दूचे जाणकार शोधून आणावे लागले ते त्यामुळेच. एखाद्या मराठा घराच्या वंशावळीची वाट निवृत्त उर्दू शिक्षकाच्या चष्म्यातून जाते, हे मराठवाड्यातच घडू शकतं.

हे अडसर अटळ आहेत असं कुणी म्हणालं तर त्याला याच जिल्ह्यातलं दुसरं उदाहरण दाखवावं. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथं वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेल्या या माणसाचे कागद साउदम्प्टन विद्यापीठात आहेत आणि त्यांची सूची संगणकावर धुंडाळता येते. त्यानंतर जालन्यात छावणी बसली. त्या छावणीत जन्मलेल्या, लग्न केलेल्या, कॉलऱ्याने गेलेल्या गोऱ्यांच्या नोंदी चर्चच्या रजिस्टरांतून लंडनला गेल्या, आणि आज त्यांच्या वंशजांनी १९९८ मध्ये स्थापन केलेल्या ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’च्या संकेतस्थळावर हिंदुस्थानातल्या अशा असंख्य नोंदी नावाने शोधता येतात, तेही फुकट. म्हणजे डेव्हनमधली एखादी म्हातारी घरी बसून आपल्या नात्यातल्या सार्जंटचं नाव टाइप करून पाहू शकते. शिंद्यांच्या पायदळातल्या शिपायाच्या वंशजाला टाइप करायला असा रकाना नाही. यात तंत्रज्ञानाचा मोठा वाटा नाही. वंशजांनी स्वतः बसून वर्षानुवर्षं नावं उतरवून काढली. सूची कुणासाठी करायची हे त्यांना आधीपासून माहीत होतं.

आणि विलायतेपर्यंत तरी कशाला जायचं? त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकला गेलेल्या कुठल्याही घराला तीर्थोपाध्यायांच्या वह्या माहीत आहेत. उपाध्याय दोन गोष्टी विचारतो: आडनाव आणि मूळ गाव. येणाऱ्याला हमखास सांगता येतील अशाच त्या दोन गोष्टी आहेत. मग नेमकी वही निघते, आजोबांच्या हातचा लेख समोर येतो, आणि उठण्यापूर्वी यजमान आपल्या मुलानातवंडांची नावं त्यात भरतो. म्हणजे सूची वापरणाऱ्याच्या प्रश्नाप्रमाणे लावलेली आणि वापरणाराच ती अद्ययावत ठेवतो. हरिद्वारकडच्या अशा वह्यांचं मायक्रोफिल्मिंग अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळी संस्थेने केलं, कारण त्यांना त्यांची किंमत कळली. सरकारी अभिलेखाला ही रीत जशीच्या तशी लावता येणार नाही. यजमानाला रजिस्टरात लिहू दिलं तर पुरावाच संपला. पण पहिला प्रश्न कोणता विचारायचा, एवढं तरी त्या ओट्यावरून शिकता येतं.

आता सरकारने संगणकावर काय आणलंय ते पाहू. महाभूलेखावर सातबारा पाहताना गट नंबराबरोबर पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, संपूर्ण नाव असे पर्याय आहेत. ही वापरणाऱ्याच्या बाजूने केलेली रचना आहे, आणि ती लोकांच्या अंगवळणी पडलीय. जुन्या कागदांसाठीचं ‘आपले अभिलेख’ मात्र पुन्हा जुन्या वळणावर जातं. आधी कार्यालय निवडा, मग जिल्हा, तालुका, गाव, मग अभिलेखाचा प्रकार, मग नंबर. तहसील की भूमी अभिलेख, हा जो शोधणाऱ्याला शेवटी कळणारा भेद, तोच पहिल्या पायरीवर विचारला जातो. राष्ट्रीय अभिलेखागाराचं २०१५ पासूनचं ‘अभिलेख पटल’ उत्तम आहे; पण त्यातली वर्णनं बहुतांश इंग्रजीत, तेव्हा त्याचा वाचक वेगळा. हैदराबादच्या अभिलेखागारात शहाजहान-औरंगजेबाच्या काळातलेच सुमारे दीड लाख फारसी कागद आहेत आणि दख्खनचा इतिहास लिहिणाऱ्याला त्यावाचून गत्यंतर नाही. घनसावंगीच्या केरबाच्या शोधात मात्र त्या कागदांचा उपयोग नाही.

शिंदे समितीनंतर जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर कुणबी नोंदींच्या फायली चढल्या. चांगलं झालं. पण हस्तलिखिताचं स्कॅन म्हणजे चित्र, आणि चित्रात शोधपट्टी चालत नाही. मोबाइलच्या तळहाताएवढ्या पडद्यावर आडवं रजिस्टर मोठं करत, उर्दू ओळींवरून बोट फिरवणारा तरुण शेवटी गावातल्या एखाद्या ‘माहीतगार’ माणसाकडे जातो. स्कॅनिंग झालं म्हणजे काम झालं ही सरकारी समजूत या विषयातली सगळ्यात महागडी समजूत आहे. स्कॅनने कागद वाचतो, म्हणजे टिकतो. सापडत नाही.

मग यूएक्सची पद्धत जालन्यात लावायची तर किती खर्च? जवळजवळ नाहीच. जेकब नीलसन यांनी २००० मध्ये मांडलेला आडाखा प्रसिद्ध आहे: पाच जणांना एखादी गोष्ट वापरताना पाहिलं की तिचे बहुतेक दोष कळतात. अंबडच्या खिडकीशी आलेल्या पाच जणांची परवानगी घेऊन त्यांच्याबरोबर अर्ज भरण्यापासून नक्कल हातात पडेपर्यंत फिरायचं. किती टेबलं झाली, कुठल्या शब्दाशी ते थबकले, कुणाला विचारलं. समितीच्या यादीतला एकेक प्रकार एकेका चिठ्ठीवर लिहून त्या लोकांसमोर टाकायच्या आणि सांगायचं, तुम्हाला सारख्या वाटतात त्या एकत्र ठेवा. माझा अंदाज असा की ढीग पडतील ते जन्म-मरणाचे, जमिनीचे, शाळेचे आणि भानगडीचे. महसूल आणि भूमी अभिलेख यांच्या चिठ्ठ्या एकाच ढिगात जातील. लोकांच्या लेखी ते एकच खातं आहे. हे ढीग म्हणजेच उद्याच्या संकेतस्थळाचं पहिलं पान.

तिसरी गोष्ट कागदी नमुन्याची. आजचा नकलेचा अर्ज अर्जदाराकडे कागदाचा प्रकार, नंबर आणि साल मागतो, म्हणजे जे शोधायला तो आलाय तेच. त्याऐवजी एक पानी शोधपत्रक द्यावं, त्यात त्याला जे माहीत आहे ते विचारावं: गाव आणि जुना तालुका, आठवतात तेवढ्या पिढ्यांची नावं, आजचा गट नंबर, घरातलं कोण कुठल्या शाळेत होतं, कुठं इनाम किंवा कूळ होतं का. मागच्या बाजूला अभिलेखपालाने लिहावं की यावरून कुठली तीन रजिस्टरं पाहायची आणि ती कुठल्या कार्यालयात आहेत. ते संगणकावर नंतर न्या. पानावर चाललं नाही तर पडद्यावरही चालणार नाही.

असं काही आपल्याकडे जमत नाही, असं म्हणणाऱ्याने अहमदनगरचा प्रयोग आठवावा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथले जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची मांडणीच बदलली. सहा गठ्ठे पद्धत तिथूनच राज्यभर गेली आणि आजही महाराष्ट्रातल्या कारकुनाला ती शिकवली जाते. कागद कुणासाठी कुठं ठेवायचा, याचा विचार त्यांनी टेबलाशी उभं राहून केला होता. मात्र ती सुधारणा चालू कागदांची. अभिलेख कक्षात गेलेला कागद ‘अ’ म्हणजे कायमचा, ‘ब’ म्हणजे तीस वर्षांचा, असा वर्गवारीचा शिक्का घेऊन गठ्ठ्यात बसतो. किती दिवस ठेवायचा हे त्या शिक्क्यावरून कळतं, पण आत काय आहे याचा पत्ता लागत नाही. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याचा. आणि माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(१)(क) तर प्रत्येक कार्यालयाला आपल्या अभिलेखांची सूची आणि निर्देशसूची करायला सांगतं. २००५ पासून. माहिती अधिकारात अर्ज टाकणारे लाखो, पण या कलमाकडे बोट दाखवणारे फार थोडे.

इथं एक सावधगिरीही हवी, आणि यूएक्सच्या उत्साही पुस्तकांत तिला जागा कमी असते. अभिलेख वापरणारा एकच नसतो; ज्याचं नाव आत आहे तोही त्या व्यवहारात असतो. तपासायच्या यादीत पोलिसांची रजिस्टरं आहेत, कच्च्या कैद्यांची आहेत. पारधी आणि अशा इतर जमातींना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, शिक्का राहिला. ज्या नोंदीने एका घराला दाखला मिळेल, तिच्याच शेजारची ओळ दुसऱ्या घराला गावात मान खाली घालायला लावील. नावाची शोधपट्टी जेवढी सोपी, तेवढा हा धोका मोठा. तेव्हा जमिनीच्या आणि शाळेच्या नोंदींची सूची उघडी असावी आणि ठाण्याच्या, तुरुंगाच्या नोंदी अर्जदाराच्या नात्याची खातरजमा करूनच दाखवाव्यात, हे मला रास्त वाटतं. बायकांचा प्रश्न आणखी वेगळा. वल्दियतच्या रकान्यात आई नसते. सासरी गेलेल्या बाईचं नावच बदलतं. आईकडचा माग काढायचा तर ही रजिस्टरं जवळपास मुकी आहेत. २६ जानेवारी २०२४ च्या ‘सगेसोयरे’ मसुद्यावर एवढा गदारोळ झाला, पण आईकडचं नातं मुळात कुठल्या कागदावर दिसतं, यावर फारसं कुणी बोललं नाही.

यंत्रं लिपी वाचतील का? युरोपातल्या जुन्या हस्ताक्षरांसाठी ‘ट्रान्सक्रिबस’सारखी साधनं रुळली आहेत. मोडीसाठी आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये मोडीवरून देवनागरी करणारं प्रारूप पुढं आणलं, ही चांगली सुरुवात. पण यंत्राला शिकवायला आधी माणसाने वाचलेली हजारो पानं लागतात. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग भरवतं, परीक्षा घेतं. शिकस्ता उर्दूसाठी मराठवाड्यात तसे वर्ग भरवणं मला यंत्राहून निकडीचं वाटतं.

आणि इथंच या सगळ्या मोहिमेतली मोठी हुकलेली संधी दिसते. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर जाहीर झालं की समितीने पावणेदोन कोटींच्या आसपास कागद तपासले आणि त्यांत ११,५३० कुणबी नोंदी सापडल्या. हिशेब दोन आकड्यांचा: किती पाहिले, किती सापडले. कोट्यवधी पानांवरून माणसांची नजर फिरली ती एका शब्दासाठी. बाकी सगळं, म्हणजे हे रजिस्टर कुठल्या गावाचं, कुठल्या सालचं, कुठल्या लिपीतलं, हे त्या माणसांना पान उलटताना दिसत होतंच. ते प्रत्येक रजिस्टरागणिक एका ओळीत उतरवून लोकांपुढे ठेवलं असतं तर मराठवाड्याची पहिली खरी अभिलेखसूची आयती तयार झाली असती. २ सप्टेंबर २०२५ च्या हैदराबाद गॅझेटच्या शासन निर्णयाने आता गावपातळीवर समित्या आल्या आहेत. त्याच गॅझेटचा दाखला देत बंजारा समाजाने अनुसूचित जमातीची मागणी पुढे केली आहे. उद्या तिसरा समाज येईल, परवा कुळाचा वाद घेऊन कुणी येईल, आणि तीच रजिस्टरं नव्या शब्दासाठी पहिल्या पानापासून उलटली जातील.

गावसमित्या कामाला लागल्या आहेत तोवर एक फुकटचं काम त्यांच्यावर सोपवता येईल. हाती येणाऱ्या प्रत्येक रजिस्टरासाठी सहा रकाने भरायचे: गावाचं तेव्हाचं नाव आणि तालुका, आजचं नाव आणि तालुका, फसली किंवा शके आणि इसवी साल, नोंदवहीचा प्रकार, लिपी, सध्या कुठल्या कार्यालयात. व्यक्तीचं नाव नाही, जात नाही. म्हणजे कुणाची अब्रूही उघडी पडत नाही. हा तक्ता साध्या अक्षरी यादीत, गावाच्या आजच्या नावाने लावून ग्रामपंचायतीच्या फलकावर चिकटवावा. जालना जिल्ह्यात सुरुवात अंबड तालुक्यापासून करता येईल: तिथले लोक आता हे शब्द जाणतात, आणि तक्त्यात चूक असली तर ती दुसऱ्याच दिवशी येऊन सांगतील.